नाल्याला विसण

पाण्याला ताप आला की मला बोलवीत. हे मी गमतीने लिहीत नाही, पालिकेच्या ड्रेनेज खात्यात माझं कामच ते होतं. परळ, लालबाग, लोअर परळ ह्या भागातल्या गिरण्या आपलं वापरलेलं पाणी गटारात आणि नाल्यात सोडत, आणि ते सोडताना किती गरम आहे हे पाहायला मी जात असे. पितळी नळीत बसवलेला लांब थर्मामीटर, त्याला सुतळी आणि पायात गमबूट, एवढा माझा संसार. नाल्याकाठी उकिडवा बसून सुतळी पाण्यात सोडली की चाळीच्या गॅलरीतून कोणीतरी हमखास ओरडे, "डाक्टर, आज किती ताप हाय?" सुरुवातीला मी आकडा सांगत असे. पुढे सांगेनासा झालो. कारण तोच प्रश्न गुप्त्यांना विचारला की ते म्हणत, "ताप उतरलाय, पण अशक्तपणा आहे. मोसंबीचा रस द्या!" आणि सगळी चाळ खदखदून हसे. मला असलं काही वेळेवर सुचत नाही. सुचतं ते घरी, जेवताना.

हे गुप्ते ह्या लेखात वारंवार येणार आहेत. त्यांना वगळून लिहायचा मी प्रयत्न करून पाहिला, पण दोन पानांतच लक्षात आलं की माझ्या नोकरीतून गुप्ते काढले तर फक्त पेन्शन उरते.

गेल्या महिन्यात परळच्या एका मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गिरगावात माझ्या घरी आले आणि म्हणाले, "मानकरसाहेब, गिरण्यांच्या त्या गरम पाण्याबद्दल तुम्ही लिहा. आता हे सांगणारं कोणी राहिलं नाही." खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ह्यांनी गुप्त्यांना विचारलं नाही, मला विचारलं. गुप्ते दादरला राहतात, म्हणजे परळहून गिरगावापेक्षा जवळ. तरी हे गृहस्थ मला शोधत इथवर आले. मी बायकोला चहाबरोबर चकल्यासुद्धा द्यायला सांगितल्या.

तर आधी धंद्याचं सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी गरम असेना का, वाहत गेलं की निवेल. तसं ते निवत नाही. गिरणीत कापड उकळतात, रंगवतात, सुताला कांजी देतात. ह्या सगळ्याचं कढत पाणी एकदम सोडलं की जमिनीखालच्या विटांच्या गटारात वाफ कोंडते. विटांमधला चुना सुटतो. त्या गटारात आमची माणसं साफसफाईला उतरत असत, आणि वरून कोणी कढत पाणी सोडलं तर पळायला जागा नसे. उघड्या नाल्यातून तेच पाणी शिवडीला खाडीत जाई. पाणी तापलं की त्यातली हवा निघून जाते. घरी उकळून गार केलेलं पाणी बेचव लागतं ते त्यामुळेच. आपल्याला नुसतं बेचव लागतं, माशाला मात्र त्या हवेवरच जगायचं असतं. म्हणून नियम असा, की पाणी सोडायचं तर निववून सोडा. नियमातला आकडा सांगत बसत नाही. माणसाच्या तापलेल्या अंगाइतपत चालेल, त्याहून कढत नको, एवढं ध्यानात ठेवा.

आता एक शब्द सांगतो, कारण सगळा लेख त्याच्यावर उभा आहे. विसण. न्हाणीघरात कढत पाणी अंगाला सोसेल असं करायला त्यात जे गार पाणी घालतो, ते विसण. हल्लीच्या मुलांना नळ फिरवायची सवय, त्यांना हा शब्द ठाऊक नसतो. गिरण्यांना मात्र तो चांगला ठाऊक होता. मी फाटकातून आत शिरलो की पहारेकरी आत ओरडे, "मानकर इलो, विसण घाला!" की लगेच रंगखात्यातला माणूस आग विझवायचा रबरी पाइप घेऊन गार पाणी गटारात सोडी. मी गमबूट घालून नाल्यापाशी पोचेपर्यंत पाणी अगदी लहान मुलाला न्हाऊ घालावं असं कोमट. मी निघालो की पुन्हा वाफा. पुढे मी मागच्या बाजूने, कोळशाच्या वखारीतून जायला लागलो. मग त्यांनी वखारीपाशी माणूस ठेवला.

गुप्त्यांच्या वेळी कोणी विसण घालत नसे. ते मुळी फाटकातून सरळ कँटीनमध्ये जात, चहा घेत, कामगारांच्या पाठीवर थाप मारत, आणि तेच लोक त्यांना आपणहून सांगत, "गुप्तेसाहेब, आज रंगखात्यातनं लई कढत सोडलंय हां." नाल्याचा परळकडचा काठ त्यांच्याकडे होता, लालबागकडचा माझ्याकडे. पाणी तेच. ह्या काठावर मला दारं बंद होत आणि त्या काठावर त्यांना भजी मिळत. वरचे साहेब म्हणत, "मानकर, तुमचं मोजमाप चोख असतं, पण जरा गुप्त्यांसारखं माणसात मिसळा." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई. दिवसभर दुसऱ्याचं पाणी निववायचं आणि स्वतः आतून उकळायचं, अशी माझी नोकरी चालली होती.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. संध्याकाळी भोंगा झाला की गिरणगाव मैदानाकडे लोटे. चाळीच्या जिन्यांवर, पानाच्या गादीवर, आमच्या कचेरीत दुसरा विषय नव्हता. गुप्त्यांचा आवाज भारदस्त, उंची चांगली, अंगावर खादीचा सदरा. मोठे पुढारी यायच्या आधी गर्दी धरून ठेवायला चाळीतले लोक गुप्त्यांना उभं करीत, आणि गुप्ते गर्दी अशी धरत की पुढारी आल्यावर लोकांची थोडी निराशाच होई. मुंबई महाराष्ट्रात यावी असं मलाही त्यांच्याइतकंच वाटत होतं. माझं घराणं गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं, मुंबई मला कोणी शिकवायला नको होती. पण माझा आवाज बारीक. मी "झालाच पाहिजे" म्हटलं की शेजारचे लोक वळून पाहत, कोणाचं काही हरवलं की काय म्हणून.

ह्याच दिवसांत एके सकाळी हिराबाई आमच्या कचेरीत आली. शिवडीच्या खाडीत नाला जिथे मिळतो, तिथल्या चिखलात ही कोळीण तिसऱ्यांचे शिंपले, चिंबोऱ्या आणि चिखलात राहणाऱ्या निवट्या मासळ्या धरायची आणि लालबागच्या बाजारात विकायची. नवरा नव्हता. घर त्या चिखलावर चालायचं. तिने डोक्यावरची पाटी माझ्या टेबलावर उपडी केली. निवट्या होत्या, सगळ्या मेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या.

"ह्ये बगा सायेब," ती म्हणाली, "तुमच्या गिरनीनं शिजवून दिल्यान. मीठ तेवरं लावायचं राह्यलंय."

मी म्हणालो, "बाई, गिरणी माझी नाही. तुमची तक्रार लेखी..."

"चिखलान पाय ठेववत नाय. चटका बसतो. तिसरी मिलत नाय, चिंबोरी मिलत नाय. पोरांना काय घालू? लेखी घालू?"

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून गुप्ते उठले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मावशी, बसा. हे मी बघतो. तुमचा चिखल तुम्हाला परत मिळेल, माझा शब्द." हिराबाईचे डोळे भरून आले. मेलेल्या निवट्या माझ्या टेबलावर होत्या, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या मीच टाकून आलो.

त्याच आठवड्यात सत्याग्रह होता. रजा टाकून आम्ही दोघेही गेलो. पोलिसांनी माणसं गाडीत भरायला सुरुवात केली. गुप्त्यांना दंडाला धरून चढवलं. त्यांच्या मागे मी पाय पायरीवर ठेवला, तर हवालदार मला म्हणाला, "काका, तुम्ही बाजूला व्हा. चेंगराल." काका! गुप्ते माझ्याहून वयाने मोठे होते. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. त्याने दार लावून घेतलं. आतून गुप्ते ओरडले, "मानकर, मावशीचं तेवढं बघा!" आणि गाडी निघाली. अटक त्यांना, शब्द त्यांचा, आणि काम माझं, अशी वाटणी रस्त्यातच झाली.

आता हिराबाईचा चिखल तापवणारी ती गिरणी. नाव सांगत नाही, आता तिच्या जागी काचेची इमारत आहे आणि तिथे लोक गळ्यात पट्टे घालून फिरतात. मॅनेजर पारशी होते, माणूस सज्जन. मी त्यांना हिराबाईच्या निवट्यांबद्दल सांगितलं. त्यांनी खिडकीतून मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मानकर, तुमी बोलते पानी थंडा करा. खाली चालीतली बायडी लोक बोलते पानी गरमच ठेवा. मी कोनाचा ऐकू? तुमी सांगा, मी तो पाइपच बंद करून टाकते. पानी आत फिरवते. झाला?"

त्यांचं म्हणणं समजायला तो पाइप समजला पाहिजे. गिरणीतून गरम पाणी दोन तऱ्हांचं येई. एक रंगखात्याचं, घाण आणि कढत. दुसरं इंजिनखात्याचं, वाफ निववायला वापरलेलं, गरम पण स्वच्छ. हे स्वच्छ पाणी एका पाइपाने मागच्या चाळीच्या भिंतीशी पडे, आणि तिथून खाली जाऊन रंगाच्या पाण्याला मिळे. मग दोन्ही मिळून वाफाळत शिवडीला. चाळीतल्या बायकांनी त्या पाइपाखाली आपलं धुणं मांडलं होतं. गरम पाणी फुकट, चोवीस तास, आणि तेही ज्या चाळीत साधं पाणी भरायला पहाटे भांडणं होत तिथे. पोरांच्या आंघोळी तिथेच, बाळंतिणीचे कपडे तिथेच.

मॅनेजर पाइप बंद करणार, ही बातमी माझ्या आधी चाळीत पोचली. मी तिथे गेलो तर परबीण वाट पाहतच उभी होती. ही परबांची बायको मालवणची, हातात धुण्याचं धोपटणं, आणि तिच्या मागे अर्धी चाळ.

"गरम पाणी बंद करूक इलास?" ती म्हणाली. "मेल्या, तुका घराक पोरांटोरां आसत काय नाय? तो गुप्तेसायेब असतो तर असा झाला नसता!"

हे शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. गुप्त्यांचा शब्द पाळायला मी आलो होतो, आणि गुप्ते असते तर हे झालं नसतं! मी दोन पावलं मागे सरलो. धोपटणं ओलं होतं आणि मजबूत दिसत होतं.

पाइप बंद केला तर चाळ मरते, चालू ठेवला तर हिराबाई. मी घरी आलो, डोकं धरून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेलो तर बंबातलं पाणी मी सवयीने बादलीत काढलं. बायको बाहेरून म्हणाली, "बादलीत कशाला? बादलीतलं तासभर निवायचं नाही. घंगाळ्यात ओता, पसरलं की निवतं. मग विसण पण कमी लागतं." मी तसाच उघडा उभा राहिलो. पसरलं की निवतं! मी इतकी वर्षं थर्मामीटर बुडवत होतो आणि घंगाळ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ही कल्पना आपली असं बायको आजही म्हणते. घंगाळं तिच्या माहेरचं होतं, एवढं मला मान्य आहे.

कल्पना अशी. इंजिनाचं स्वच्छ पाणी बंद करायचं नाही. चाळीच्या भिंतीलगत एक मोठा, पसरट, उथळ हौद बांधायचा, त्याला धुण्यासाठी पायऱ्या करायच्या, आणि ते पाणी त्यात सोडायचं. बायकांनी हवं तितकं वापरावं. पाणी पसरेल, त्यावरून वारा जाईल, पाणी निवेल. निवलेलं पाणी हौदावरून वाहून खाली रंगाच्या कढत पाण्यात पडेल, म्हणजे त्याचं विसण होईल. गिरणीने मला फसवायला जे विसण घातलं, तेच मी तिला रात्रंदिवस घालायला लावायचं. हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की सांगायला धावावं असं वाटलं, आणि सांगावं कोणाला तर गुप्त्यांनाच, कारण हे कळणारा दुसरा माणूस खात्यात नव्हता. ते तुरुंगात होते. ह्याचासुद्धा मला राग आला.

मॅनेजरना मी नकाशा काढून दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एटले, बायडी लोक कपडा धुनार, नि माझा पानी थंडा होनार?" मी म्हणालो, होय. ते हसले. "मानकर, तुमी दिसते सुका, पन डोका ओला हाय." माझ्या नोकरीतली ही एवढी एकच स्तुती, आणि ती मी बायकोशिवाय कोणाला सांगितलेली नाही. हौदाचं काम सुरू झालं. गवंड्यांच्या डोक्यावर मी उभा राहत असे. उतार बोटभर चुकला तर पाणी एका कोपऱ्यात साचून गरम राहील, म्हणून मी दोनदा फरशी उखडायला लावली. परबीण वरून म्हणायची, "ह्यो गवंड्यांचो काळ इलो."

हौद पुरा झाला त्या दिवशी मॅनेजरनी नारळ फोडायचं ठरवलं. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. नेमके आदल्या दिवशी गुप्ते सुटून आले. गिरणीच्या कामगारांनी त्यांना खांद्यावर घेतलं, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना, आणि मिरवणूक वाजतगाजत थेट हौदापाशी आली, कारण रस्ता तिथूनच जात होता. मॅनेजरनी ती गर्दी पाहिली. काळ असा होता, की गर्दी जिकडे त्यांनी तिकडे पाहणं शहाणपणाचं होतं. त्यांनी नारळ माझ्या हातात यायच्या आधी गुप्त्यांच्या हातात दिला. गुप्त्यांनी तो एका घावात फोडला. मला शेवटी खोबरं मिळालं. तेही खवट निघालं.

तिथे परबीण माझ्याजवळ आली. तिने पायरीवर पाण्यात हात घालून पाहिला होता आणि तिचा चेहरा खुलला होता. "ह्यो हौद कोणी बांधल्यान रे?" तिने विचारलं. साधा प्रश्न होता. तिने मला महिनाभर तिथे उभं राहिलेलं पाहिलं होतं, तरी विचारलं. आणि मी, गिरगावात वाढलेला माणूस, आमच्याकडे असल्या प्रसंगी जे करतात तेच केलं. म्हणालो, "गुप्त्यांनी हो, गुप्त्यांनी! दुसऱ्या कोणाची बिशाद आहे? तुरुंगात बसून बांधला त्यांनी. हा गुप्त्यांचा हौद. आम्ही आपले पाणी मोजणारे."

आमच्या गिरगावात हे वाक्य ऐकून समोरचा म्हणाला असता, "असं का? बरंच लागलेलं दिसतंय." परबीण मालवणची. ती वळली आणि गॅलरीकडे तोंड करून ओरडली, "गो, आयकलंस? गुप्तेसायबान बांधल्यान! तुरुंगातसून! ह्यो मानकरच सांगता!"

खवचटपणा हा नाक्यापलीकडे चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात पत्ता सांगताना लोक "गुप्त्यांच्या हौदामागे" म्हणायला लागले. बसचा कंडक्टर तिथे बस थांबली की "गुप्ते हौद" ओरडू लागला. गिरणीच्या पेंटरने भिंतीवर निळ्या अक्षरांत तसं लिहून टाकलं, हौसेने खाली कमळही काढलं. मी किती जणांना सांगितलं, की अहो तो माझा हौद. लोक म्हणत, "असेल हो," आणि हसत. त्यांना वाटे, मी गुप्त्यांवर जळतो. जळत होतो, म्हणून काय हौद त्यांचा होतो?

काही महिन्यांनी मी शिवडीला गेलो. नाला खाडीला मिळतो तिथे सुतळी सोडली. पारा जिथे असावा तिथेच होता. ओहोटी होती. पलीकडच्या चिखलात बारीक बारीक भोकं दिसत होती, त्यातून बुडबुडे येत होते, आणि निवट्या उड्या मारत होत्या. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. नोकरीत माणसाला आपलं काम असं उड्या मारताना क्वचितच दिसतं. गुडघाभर चिखलात हिराबाई वाकली होती. तिने मला ओळखलं, पाटी उचलून दाखवली आणि आनंदाने ओरडली, "सायेब, गुप्तेसायबाचं पानी थंड झालं!"

मी हात हलवला. दुसरं काय करणार?

त्या रविवारी ती दादरला गुप्त्यांच्या घरी पाटीभर तिसऱ्या देऊन आली. गुप्त्यांनी त्यातल्या अर्ध्या माझ्या घरी पाठवल्या. बायकोने ओलं खोबरं घालून केल्या आणि जेवताना म्हणाली, "गुप्ते किती आठवण ठेवतात हो!" तिसऱ्या अप्रतिम झाल्या होत्या, आणि हेच तर माझं दुखणं होतं.

पुढे एकदा कचेरीत गुप्त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, "मानकर, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही." मला वाटलं, ते तुरुंगात असताना मी त्यांच्या काठाचंही काम ओढलं, त्याबद्दल म्हणताहेत. मी म्हणालो, "त्यात काय." त्यांचे डोळे पाणावलेले होते. मी मनात म्हटलं, हा माणूस सभेत नसतानासुद्धा सभेतच असतो.

मुंबई महाराष्ट्रात आली, गुप्त्यांना बढती मिळाली, मग मलाही मिळाली, त्यांच्या खालची. गिरण्या बंद पडल्या. हौद कोरडा पडला, मुलं त्यात क्रिकेट खेळायला लागली, मग तो बुजवला. त्या जागी आता गाड्या ठेवायचं तळघर आहे. मी मध्ये एकदा तिकडे गेलो होतो. जागा सापडेना, म्हणून एका म्हाताऱ्या पानवाल्याला विचारलं, "इथे एक हौद होता बघा." तो म्हणाला, "कुठला हौद?" मी घसा साफ करून म्हणालो, "गुप्त्यांचा." त्याने लगेच जागा दाखवली.

इथपर्यंत लिहून झालं आणि काल संपादक लेख न्यायला आले. पानं चाळता चाळता म्हणाले, "गुप्तेसाहेबांना आनंद होईल."

मी विचारलं, "त्यांचा काय संबंध?"

"म्हणजे? मी आधी त्यांच्याकडेच गेलो होतो ना लेख मागायला. ते आता अंथरुणावरच असतात. म्हणाले, मला नको, मानकरांना विचारा. पत्ता त्यांनीच दिला."

चकल्यांची बशी मी जरा माझ्याकडे ओढली. संपादक सांगत होते, "त्यांनी मला हौदाचंही सांगितलं. म्हणाले, हौद मानकरांचा. डोकं त्यांचं, मेहनत त्यांची, मी तर आत होतो. पण नारळ फोडला त्या दिवशी त्यांनी स्वतः परबिणीला सांगितलं की हा गुप्त्यांचा हौद. ती मला येऊन म्हणाली तेव्हा माझा विश्वास बसेना. सुटून आलेल्या माणसाला लोकांत मान मिळावा म्हणून स्वतःचं नाव पुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नंतर मी कितीदा लोकांना खरं सांगायला गेलो, तर लोक म्हणत, गुप्तेसाहेब, तुमचा मोठेपणा! मग मी गप्प बसलो. मानकरांची भेट मोडायची कशी?"

माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की जन्मात एकदा कोणीतरी मला मोठ्या मनाचा म्हटलं, आणि ते मन दिसलं कोणाला? गुप्त्यांना. म्हणजे ह्यातही मन त्यांचंच मोठं ठरलं. आणि हा लेख, जो मला मिळाला म्हणून मी महिनाभर खुशीत होतो, तोही त्यांनी पाठवलेल्या तिसऱ्यांसारखाच माझ्या घरी आलेला.

"काही बदलायचं आहे का?" संपादकांनी विचारलं. "अंक निघाला की त्यांची सून त्यांना वाचून दाखवते. वाट बघताहेत ते." मी एक दिवस मागून घेतला.

परबिणीशी मी काय बोललो आणि कोणत्या सुरात बोललो, तेवढा परिच्छेद काढून टाकावा असं मनात आलं. पेन उचललंही. पण तो काढला तर हौद पुन्हा त्यांचाच, आणि वर मी मोठ्या मनाचा. इतकं सोसण्याचं माझं वय राहिलेलं नाही. परिच्छेद ठेवला आहे. मग तो माणूस अंथरुणावर पडून डोळे मिटून ऐकत असलेला डोळ्यांपुढे आला, आणि खाली त्यांच्या सुनेसाठी चार ओळी जोडल्या.

सूनबाई, आपली ओळख नाही. मी मानकर. गुप्त्यांना सांगा की हौद माझा होता, आणि ते म्हणतात तसा मी नव्हतो. फक्त परबिणीच्या त्या जागी आलात की जरा थांबा, आवाज उतरवा. माझं पाणी अजून फार कढत आहे. थोडं विसण घालून वाचा.